खोगिरात काय भरले?

१७६० सालच्या फेब्रुवारीत उदगीर आणि औसा यांच्या दरम्यानची काळी रानं घोड्यांच्या टापांनी तुडवली गेली. सदाशिवरावभाऊ पेशव्यांची फौज घेऊन आले होते, इब्राहिमखान गारदी आपल्या तोफांसह त्यांच्या बाजूला होता, आणि समोर निजाम सलाबतजंग व त्याचा भाऊ निजामअली होते. निजामाची फौज उदगीरहून निघाली होती आणि मराठ्यांनी तिला वाटेतच चहूबाजूंनी गाठले. ३ फेब्रुवारीला निर्णायक झुंज झाली. निजामाने सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी मोलाची ठाणी सोडून दिली. विजयाचा आनंद फार दिवस टिकला नाही. दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली आणि मार्चमध्ये हीच फौज परतूरहून उत्तरेकडे वळली. पुढचा मुक्काम पानिपत.

उदगीरपासून पानिपतापर्यंत हजाराहून अधिक किलोमीटर चाललेल्या त्या फौजेतल्या प्रत्येक स्वाराचे आणि घोड्याचे नाते एका वस्तूतून जुळलेले होते. ती म्हणजे खोगीर. तलवार म्यानात असे, भाला खांद्यावर असे. खोगीर मात्र दिवसभर घोड्याच्या अंगाला चिकटलेले, आणि रात्री मुक्कामावर तेच स्वाराच्या उशाला. फौज किती चालणार हे घोड्याच्या पायांइतकेच त्याच्या पाठीवर ठरते. पाठ सोलवटली की उमदा घोडाही दोन दिवसांत निकामी होतो.

या वस्तूचे नाव फारसी आहे आणि ते मोठ्या नेमकेपणाने घडलेले आहे. ‘खूय’ किंवा ‘खोय’ म्हणजे घाम, आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा, घेणारा. खोगीर म्हणजे घाम टिपणारे. मुळात ते बसायचे आसनच नव्हते. आसनाखाली, घोड्याच्या पाठीला लागून ठेवायचा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, वा जाड कापडाचा थर, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर चढे ते ‘जीन’: लाकडी सांगाडा, वर कातडे, पुढे-मागे उंचवटा. इराणात याच कामासाठी अरबी शब्द घेऊन बनवलेले ‘अरकगीर’ असेही एक नाव आहे, आणि आज तिथे घाम टिपणाऱ्या बनियनलाही तेच म्हणतात. आपल्याकडे औषधाच्या बाटलीवर असतो तो ‘अर्क’ याच अरबी घामातून थेंबथेंब गळून आला आहे.

हा ‘गीर’ प्रत्यय मराठीत बराच फिरला. जागा धरणारी ती जहागीर. हात धरणारा तो दस्तगीर; मराठवाड्यात हे नाव असलेला माणूस गावोगाव भेटेल. ओझे घेणारा तो बारगीर. या शब्दाची तर गंमतच झाली. फारसीत बारगीर म्हणजे ओझे वाहणारे जनावर, घोडा. मराठेशाहीत तो घोड्यावर बसणारा माणूस झाला: ज्याचा घोडा स्वतःचा नाही, सरकारचा किंवा शिलेदाराचा आहे, असा स्वार. खालचा वर गेला. खोगिराचेही पुढे तसेच झाले. जे आसनाखाली होते तेच मराठीत आसन ठरले. उदगीर या गावाच्या नावातला ‘गीर’ मात्र या गोतावळ्यातला नाही. तो उदयगिरीतला डोंगर आहे असे मानतात.

फारसी शब्द मराठी बोलणाऱ्या घोडेवाल्याच्या तोंडी बसला त्यामागे दोन-तीन शतकांची रहदारी आहे. १३४७ मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली आणि पंधराव्या शतकात तिची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आली. आजच्या नकाशात बिदर कर्नाटकात आहे, म्हणून लातूरकरांना ते परके वाटते. पण उदगीर, अहमदपूर, निलंगा हा सारा भाग १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होता. बहमनी सत्ता ढासळत असताना बिदरमध्ये प्रबळ झालेल्या कासिम बरीदची जहागीर औसा, कंधार आणि उदगीर हीच होती. म्हणजे आजचे नांदेड आणि लातूर जिल्हे त्या राजधानीच्या अंगणातच होते, आणि घोडा, स्वार, चारा, कातडे, नमदा यांची सगळी ये-जा याच वाटांनी होत होती.

त्या वाटांवरून गेलेला एक परदेशी घोडेवाला आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४६९ च्या सुमारास तो होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. तो एक घोडा हीच त्याची सारी पुंजी होती. जुन्नरला असदखानाने तो काढून घेतला आणि इस्लाम स्वीकारलास तरच परत देईन असे धमकावले. एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीने घोडा परत मिळाला. पावसाळा जुन्नरला काढून निकितीन बिदरला पोचला आणि तिथे त्याने तो विकला. त्याने लिहून ठेवले आहे की या देशात घोडे पैदा होत नाहीत, बाहेरून येतात, आणि इथले लोक त्यांना वाटाणे आणि साखर-तूप घातलेली खिचडी खाऊ घालतात. आळंद येथे शेख अलाउद्दीनच्या नावाने भरणाऱ्या दहा दिवसांच्या बाजाराचाही उल्लेख त्याने केला आहे. तिथे विक्रीला वीस हजार घोडे येतात, असे तो सांगतो. आकडा त्याचा आहे, थोडा सढळ हाताने दिलेला असू शकतो. पण हे आळंद म्हणजे आज कलबुर्गी जिल्ह्यातले गाव, लातूरच्या दक्षिणेला, फारसे लांब नाही. ज्या प्रदेशात असा बाजार भरतो तिथे सरंजामाची नावे विकणाऱ्याच्या भाषेत रुळतात. त्या काळी बिदरचा वजीर महमूद गावानही गिलाणहून व्यापारी म्हणूनच दख्खनेत आलेला होता.

फारसी शब्द येण्याआधी इथला माणूस घोड्यावर उघड्या पाठीने बसत होता असे कोणी समजू नये. संस्कृतात ‘पर्याण’ होते. प्राकृतात त्याचे ‘पल्लाण’ झाले. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या बदलाचा खास नियमच सांगितला आहे. त्यातून जुन्या मराठीला ‘पालाण’ मिळाले. राजस्थान-पंजाबात उंटावरच्या बैठकीला आजही पलाण म्हणतात. मराठीत मात्र पालाण मागे हटत गेले आणि ओझ्याच्या जनावरापुरते उरले. घोडदळ, दफ्तर आणि दरबार यांची भाषा फारसी होती. स्वाराला पगार ज्या भाषेत मिळे तिच्यातलेच नाव त्याच्या घोड्याच्या सामानाला लागले. चांगला देशी शब्द असा कडेला पडल्याची हळहळ वाटते, पण भाषा हिशेबाच्या वहीबरोबर चालते हेही खरे.

ही हळहळ शिवाजी महाराजांनाही वाटली होती, आणि त्यांनी ती कृतीत आणली. राज्याभिषेकाच्या काळात त्यांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. रोजच्या कारभारातल्या तेराशेहून अधिक फारसी, अरबी आणि दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. सैन्यासाठी चतुरंगवर्ग असा स्वतंत्र भाग केला. मुजुमदाराचा अमात्य झाला, पेशव्याचा पंतप्रधान झाला, सरनोबताचा सेनापती झाला. दरबारात हे बदल रुजले. पागेत मात्र खोगीर खोगीरच राहिले, नालबंद नालबंदच राहिला आणि लगामही तसाच. पागेतल्या माणसाला पहाटे अंधारात हाक मारून वस्तू मागायची असते. त्याच्या तोंडचा शब्द हुकमाने सुटत नाही.

सभासदाच्या बखरीत या पागेची रचना दिलेली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय एवढ्या बारकाईने केलेली आहे. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथवर त्यात बजावले आहे. ज्याला उंदराने नेलेल्या वातीची काळजी आहे, तो घोड्याच्या पाठीवर काय ठेवले जाते याकडे कानाडोळा करील हे संभवत नाही.

मराठी खोगीर हे हलक्या, चपळ घोडदळाचे सामान होते. लाकडी सांगाड्याचे जड जीन बाजूला ठेवून कापडाचे, नमद्याचे, आत भरलेले आणि वरून टाचलेले आसन वापरले की घोड्यावरचा भार कमी होतो, तंग कसायला वेळ लागत नाही आणि रानात फाटले तर दाभण-दोऱ्याने तिथल्या तिथे शिवता येते. मराठवाड्याच्या घरातली वाकळ जशी चिंध्यांवर चिंध्या टाचून होते, त्याच जातीचे हे काम. फरक एवढाच की वाकळीतली गाठ माणसाला टोचते, खोगिरातली गाठ घोड्याचा जीव घेते.

कारागिराचे सारे कसब या भरणीत असे. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन गाद्या, मधे मोकळी वाट. स्वाराचे वजन बरगड्यांवर पडले पाहिजे, कण्यावर पडता कामा नये. आत लोकर किंवा केस घातले तर घाम शोषला जातो, दाब सारखा पसरतो आणि वाळल्यावर भरण पुन्हा फुलते. चिंध्या, भुसा, मिळेल तो गाळ कोंबला तर पहिल्या दिवशी दोन्ही खोगिरे सारखीच फुगीर आणि डौलदार दिसतात. आठ दिवसांच्या दौडीनंतर फरक कळतो. चिंध्या घामाने गोळा होतात, एका जागी ढेकूळ बनते, दुसरीकडे पोकळी पडते, आणि घोड्याच्या पाठीवर आधी केस जातात, मग कातडी.

‘खोगीरभरती’ हा शब्द इथून आला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, खोगिराच्या भरणीबरोबरच संख्या फुगवण्यासाठी घेतलेल्या निरुपयोगी वस्तू आणि माणसे हा अर्थ नोंदलेला आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो चांगला मुरलेला होता. हिंदी-उर्दूतही ‘खोगीर की भरती’ याच अर्थाने चालते. त्यावरून असे वाटते की ही म्हण एका भाषेच्या अंगणात वाढलेली नसावी. छावणीत मराठी, दख्खनी, हिंदुस्तानी बोलणारी माणसे एकाच दावणीला घोडे बांधत होती, तिथली ती आहे.

या अर्थाला माणसे का चिकटली, याचेही कारण छावणीतच सापडते. घोडदळाचा पगार स्वारांच्या संख्येवर मिळे. मग हजेरीच्या दिवशी संख्या भरून दाखवायची, भाड्याचे घोडे उभे करायचे, कोणाच्याही हातात भाला द्यायचा, ही लबाडी हिंदुस्थानच्या प्रत्येक सत्तेने पाहिली. अलाउद्दीन खलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली ती याचसाठी, आणि अकबराने तीच नव्याने कडक केली. हजेरीपुरता आणलेला स्वार आणि खोगिरात कोंबलेली चिंधी, दोघांचेही काम जागा भरण्याचे. लढाईच्या दिवशी दोघेही दगा देणार. जुन्या शिपायाने हा शब्द तुच्छतेने वापरला असेल, पण त्या तुच्छतेत आपल्या घोड्याविषयीची आणि आपल्या जिवाविषयीची भीतीही होती. पुढे पु. ल. देशपांड्यांनी आपल्या सुरुवातीच्या विनोदी लेखसंग्रहाला ‘खोगीरभरती’ हे नाव दिले, आणि घोडा कधी जवळून न पाहिलेल्या वाचकांच्या घरातही शब्द पक्का झाला. आज तो कमिट्यांना, पुरवण्यांना आणि निवडणुकीच्या याद्यांना लागतो.

खोगिराच्या सोबतीचे इतर सामानही मराठीत असेच वेष पालटून बसले आहे. ‘तंग’ म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा. माणूस ‘तंग’ होतो तो त्याच आवळण्याने. ‘तोबरा’ म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. पानाचा तोबरा भरणाऱ्याला ती आठवत नसते. ‘शिलेदार’ म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा, आता तो पुढाऱ्यांचा असतो.

आणि जेरबंद! नांदेड-लातूरच्या वर्तमानपत्रांत दर दोन दिवसांनी चोरटे जेरबंद होतात, बिबटे जेरबंद होतात. फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली. घोड्याने मान वर झटकू नये म्हणून तोंडाच्या पट्ट्यापासून छातीखालून तंगापर्यंत नेलेला चामड्याचा पट्टा म्हणजे जेरबंद. ‘जेर करणे’, ‘जेरीस आणणे’ हे प्रयोग त्याचे भाऊबंद. पोलिसांच्या बातमीत आजही एका उधळत्या घोड्याची मान खाली खेचली जाते, फक्त घोडा दिसत नाही.

उलट ‘जीन’ या शब्दाचे नशीब फिरले. ते बनवणाऱ्या जीनगरांच्या नावात तो टिकला. पण मराठवाड्याच्या कापूसपट्ट्यात ‘जीन’ म्हटले की सरकी काढण्याचा कारखानाच डोळ्यांपुढे येतो. इंग्रजीतून आलेल्या त्या दुसऱ्या शब्दाने घोड्याच्या जीनला बाजारपेठेतून उठवून लावले.

पेशवाई १८१८ मध्ये संपली तरी या भागातले घोडदळ संपले नाही. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट उभी राहिली. नांदेडच्या शेजारी हिंगोलीला तिची छावणी होती. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे गेला. नळदुर्गचा भाग १८६० मध्ये परत आला. या घोडदळात शिलेदारी पद्धत चालू राहिली: स्वाराने घोडा, खोगीर, सामान स्वतःचे आणायचे, बदल्यात पगार जास्त. पुढे या पलटणींतूनच ‘डेक्कन हॉर्स’ हे नाव घडले. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या रणभूमीवर, बाझांतँ गावाच्या रानाजवळ २०व्या डेक्कन हॉर्सचे स्वार भाले सरसावून जर्मन फळीवर चालून गेले. मशीनगनच्या त्या युद्धात घोडदळाचे असे हल्ले थोडेच झाले. तोवर घोड्यांच्या पाठीवर सरकारी नमुन्याची कातडी जीन आली होती. शिलेदारी पद्धत त्या महायुद्धानंतर मोडीत निघाली.

फारसी शब्दांची ही सारी उलथापालथ समजावून सांगणारी माणसेही मराठीला लाभली. माधव ज्यूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांचा फारसी-मराठी कोश १९२५ चा. आणि मोगल साधने मूळ फारसीतून वाचून मराठीत आणणारे सेतुमाधवराव पगडी तर निलंग्याचेच. १९१० साली तिथे जन्मलेल्या या माणसाने भीमसेन सक्सेना आणि खाफीखान यांना मराठी वाचकाच्या घरी आणून बसवले. मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या घरांत उर्दू-फारसीची जाण शाळेतून आणि कचेरीतून आली होती. पगडींनी तिचे सोने केले.

घोडा मात्र केवळ कागदात उरलेला नाही. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडला आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी इथेच देह ठेवला. सचखंड गुरुद्वारा आजही घोडे पाळतो. गुरूंच्या घोड्यांच्या वंशातले म्हणून त्यांना मान आहे. दसऱ्याला आणि होळीला निघणाऱ्या हल्लाबोलच्या मिरवणुकीत ते सजवून काढतात. पंजाबीत खोगिराला ‘काठी’ म्हणतात, मूळच्या लाकडी सांगाड्यावरून. गोदेच्या काठी तीनशे वर्षे ही काठी आणि ते खोगीर शेजारी नांदत आले आहेत.

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यात, माळेगाव लागते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, वेळअमावास्येच्या तोंडावर, इथे खंडोबाची यात्रा भरते. खंडोबा हा घोड्यावरचा देव, आणि त्याच्या दारातला बाजारही घोड्यांचा. महाराष्ट्रातून, राजस्थान-पंजाबातून घोडे येतात. त्यांच्याबरोबर उंट, गाढवे, लालकंधारी आणि देवणी गुरे. घेणारा आधी घोड्याचे दात पाहतो, पाय पाहतो. पण जाणता माणूस झूल बाजूला सारायला सांगतो आणि पाठीवरून उलटा हात फिरवतो. जुन्या जखमेवर उगवलेले पांढरे केस त्याला कुठे आणि कसले खोगीर बसले होते ते सांगतात. भीमा खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद अलीकडेच झाली. मराठ्यांच्या दौडी ज्या तट्टांवर झाल्या त्यांच्या वंशाला ही मान्यता उशिरा का होईना मिळाली, याचे समाधान आहे. लग्नाच्या वरातीसाठी, शर्यतीसाठी, हौसेसाठी घोडा घेणारे आता कातडी जीन घेतात, परदेशी घाटाची घेतात. मराठी माणूस त्यालाही खोगीरच म्हणतो.